देव, परमेश्वर, प्रभू : ख्रिस्ती श्रद्धेतील नामांचा अर्थ

यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा गणपती 'चिंतामणी' या नावाने प्रसिद्ध आहे, तर केळापूरची देवी 'जगदंबा' म्हणून पूजली जाते. ही नावे केवळ एका देवतेला दुसऱ्या देवतेपासून वेगळे ओळखण्यासाठी योजलेली नाहीत. भक्ताला त्या देवतेचा जो अनुभव आला, तो या नावांत साठविलेला आहे. विष्णुसहस्रनाम किंवा इस्लाममधील अल्लाहची नव्व्याण्णव नावे यांमागेही हीच भावना दिसते. ख्रिस्ती धर्मात सहस्रनामाचा नित्यपाठ नाही. परंतु बायबलमध्ये ईश्वराची अनेक नावे व उपाधी विखुरलेल्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीमागे एक प्रसंग, एक नाते आणि बहुधा एक संकट उभे आहे. ही नावे मराठीत आणताना भाषांतरकारांना जी निवड करावी लागली, तिचा इतिहासही तितकाच उद्‌बोधक आहे.

या विषयाशी यवतमाळचा जवळचा संबंध आहे. फ्री मेथडिस्ट मिशनच्या कार्यामुळे येथे मराठी माध्यमातील बायबल प्रशिक्षणाची परंपरा निर्माण झाली आणि १९५३ साली याच शहरात 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' ही धर्मशिक्षण संस्था आकाराला आली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी हिब्रू व ग्रीक शिकण्यासाठी यवतमाळला येऊ लागले. १९८३ साली ही संस्था पुण्यात स्थलांतरित झाली. मात्र तीस वर्षे विदर्भातील या कापसाच्या गावात ईश्वराच्या प्राचीन नामांचा अभ्यास चालू होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही.

नाम म्हणजे स्वभाव

हिब्रू संस्कृतीत नाव म्हणजे व्यक्तीचा स्वभाव आणि तिचे भवितव्य. अब्रामाचा 'अब्राहाम' होतो, याकोबाचा 'इस्राएल' होतो, तेव्हा त्यांच्या आयुष्याची दिशाच बदललेली असते. साहजिकच ईश्वराचे नाव विचारणे म्हणजे तो कसा आहे, असे विचारणे होय.

या दृष्टीने हागारेची कथा महत्त्वाची आहे. हागार ही साराची मिसरी दासी. घरातील छळाला कंटाळून ती गरोदर अवस्थेत रानात पळून जाते. तेथे झऱ्याजवळ तिला दिव्य दर्शन घडते आणि ती ईश्वराला 'एल-रोई' म्हणजे 'पाहणारा देव' असे नाव देते. बायबलमध्ये ईश्वराला नाव देणारी पहिली व्यक्ती कोणी राजा वा पुरोहित नसून परक्या देशातील एक निराधार दासी आहे. जिच्याकडे कोणी पाहत नव्हते, तिला आपल्याकडे पाहणारा देव भेटला.

अशीच इतरही नावे आहेत. 'एल-शद्दाय' या नावासाठी मराठीत 'सर्वसमर्थ देव' ही योजना रूढ आहे. 'एल-एल्योन' याला 'परात्पर देव' म्हणतात. 'सेनाधीश परमेश्वर' ही उपाधी संदेष्ट्यांच्या ग्रंथांत वारंवार आढळते. तिच्यातील सेना म्हणजे मुख्यतः आकाशातील तारे व देवदूतांचे समुदाय, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

यहोवा की परमेश्वर?

जुन्या करारातील सर्वांत पवित्र नाव चार हिब्रू व्यंजनांचे आहे आणि ते सुमारे ६ हजार ८०० वेळा येते. जळत्या झुडपापाशी मोशे ईश्वराला त्याचे नाव विचारतो. त्याला मिळालेल्या उत्तरात 'असणे' या क्रियापदाचा खेळ आहे. 'मी आहे तो आहे' असा त्याचा अर्थ होतो; 'मी असेन तो असेन' असाही होऊ शकतो. म्हणजे नाव सांगितले गेले, पण त्या नावाने ईश्वराला मुठीत धरता येणार नाही, हेही सांगितले गेले.

ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, अशी दहा आज्ञांत ताकीद आहे. त्यामुळे यहुदी लोकांनी पुढे या नावाचा उच्चारच थांबविला. ग्रंथात ती चार अक्षरे आली, की वाचक 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' असे वाचतो. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनेतही हाच प्रघात आहे. मध्ययुगीन यहुदी लेखनिकांनी वाचकाला आठवण राहावी म्हणून मूळ व्यंजनांना 'अदोनाय' शब्दाच्या स्वरखुणा जोडल्या. पुढे युरोपातील ख्रिस्ती पंडितांनी ही व्यंजने आणि हे स्वर एकत्र वाचले आणि त्यातून 'यहोवा' हे रूप प्रचारात आले. मूळ उच्चार 'याह्वे' असा असावा, असे आजचे बहुसंख्य अभ्यासक मानतात. या नावाचे संक्षिप्त रूप 'या' हे मात्र सर्वांच्या परिचयाचे आहे. कारण 'हालेलूया' या शब्दाचा अर्थच 'या'ची स्तुती करा, असा आहे.

जुन्या मराठी भाषांतरांत या ठिकाणी 'यहोवा' हे नाव सर्रास वाचावयास मिळते. आज चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या प्रचलित भाषांतरात बहुतेक ठिकाणी 'परमेश्वर' हा शब्द आहे. ज्येष्ठ पिढीच्या तोंडी स्तोत्रे 'यहोवा'सह पाठ असतात, तर तरुण पिढी 'परमेश्वर' म्हणते. कॅथॉलिक चर्चने २००८ साली एक पत्र काढून उपासनेत व गीतांत 'याह्वे' हा उच्चार करू नये, असे कळविले. त्यामागे यहुदी परंपरेविषयीचा आदर होता, तसेच प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळींनीही हे नाव उच्चारले नव्हते, हा विचारही होता. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाने मात्र १९३१ पासून हेच नाव आपल्या ओळखीचा भाग बनविले आहे. एकाच ग्रंथातील एका नावाविषयी तीन वेगळ्या भूमिका आज आपल्याच शहरांत शेजारी-शेजारी नांदत आहेत.

'देव' शब्दाची अडचण

इंग्रजी लिपीत मोठे अक्षर वापरून एकमेव ईश्वर आणि इतर दैवते यांत फरक दाखविता येतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे जो फरक दाखवावयाचा तो शब्दानेच दाखवावा लागतो. इंग्रजी बायबलमध्ये चार अक्षरी नाव आणि 'प्रभू' ही साधी उपाधी यांतील भेद केवळ अक्षरांच्या आकारावरून कळतो. तो डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येत नाही. मराठीत एका ठिकाणी 'परमेश्वर' आणि दुसऱ्या ठिकाणी 'प्रभू' असे दोन स्वतंत्र शब्द असल्याने निरक्षर श्रोत्यालाही तो भेद समजतो. ११०व्या स्तोत्राच्या आरंभी दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात आणि त्यांवरून पुढे येशूने धर्मपंडितांना प्रश्न विचारला, अशी कथा आहे. तेथे मराठी भाषांतर इंग्रजीपेक्षा अधिक सुबोध ठरते.

'देव' या शब्दाची अडचण निराळी आहे. मराठीत 'देव' या शब्दाचे एकवचन व अनेकवचन सारखेच असते. शिवाय आदरार्थी क्रियापदही अनेकवचनीच असते. 'देव म्हणाले' असे लिहिले, तर एकाच देवाविषयी आदर व्यक्त झाला की अनेक देव बोलले, हे कळत नाही. म्हणून मराठी बायबलमध्ये 'देव म्हणाला' अशी एकेरी रचना कटाक्षाने पाळलेली आहे. विशेष म्हणजे मूळ हिब्रूतही हीच स्थिती आहे. 'एलोहीम' हा शब्द रूपाने अनेकवचनी, पण बायबलच्या पहिल्याच वाक्यात त्याच्यासोबत येणारे 'निर्माण केले' हे क्रियापद एकवचनी आहे. हिब्रूतील हा व्याकरणविशेष मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उतरला, असे म्हणता येईल.

एकेरी संबोधनाने अनादर होतो, असे मराठी मनाला वाटत नाही. विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या भाषेत ईश्वराशी जवळीक एकेरीतच व्यक्त होते. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत ईश्वराला पिता म्हटले आहे. या प्रार्थनेच्या जुन्या मराठी रूपात 'बापा' असे संबोधन होते. आजच्या रूपात 'पित्या' आहे. 'बाप' शब्दातील ऊब गेली आणि 'पिता' शब्दातील प्रतिष्ठा आली, असे वाटणारे अनेक जण आहेत. येशूच्या तोंडी आलेला 'अब्बा' हा अरामी शब्द घरगुती वापरातला होता, हे लक्षात घेता जुन्या भाषांतरकारांची निवड अगदीच अडाणी नव्हती.

येशू, ख्रिस्त आणि प्रभू

'येशू ख्रिस्त' हे नाव व आडनाव आहे, असा समज अजूनही आढळतो. 'येशू' हे नाव हिब्रू-अरामी 'येशूआ' या रूपाशी जुळणारे असून 'परमेश्वर तारतो' असा त्याचा अर्थ आहे. ते त्या काळी सामान्य नाव होते. 'ख्रिस्त' ही मात्र उपाधी आहे. हिब्रूतील 'मशीहा' याचे ते ग्रीक भाषांतर. दोहोंचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे तेलाचा अभिषेक करून नेमलेला. राज्याभिषेकाची परंपरा जाणणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

'प्रभू' ही उपाधी आज सौम्य वाटते. पहिल्या शतकात ती धोकादायक होती. 'क्यूरिओस' हा तिचा ग्रीक प्रतिशब्द रोमन सम्राटासाठीही वापरला जाई. येशू हाच प्रभू आहे, असे म्हणणे म्हणजे सम्राट सर्वश्रेष्ठ नाही, असे म्हणणे होते. दुसऱ्या शतकात स्मुर्णा नगराचा वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प याने सम्राटाला प्रभू म्हणण्यास नकार दिला आणि त्याबद्दल त्याला प्राणास मुकावे लागले. एका शब्दाची किंमत किती असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

वऱ्हाडातील खेड्यात पाटील आणि सावकार यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालणाऱ्या माणसाला 'प्रभू', 'धनी', 'स्वामी' हे शब्द ऐकून काय वाटले असेल, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. याचे उत्तर शुभवर्तमानात आहे. तेथे प्रभू म्हणविणारा स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. उपाधी मालकाची, पण कृती सेवकाची, असा हा विलक्षण मेळ आहे.

तारण आणि उद्धारक

यवतमाळच्या वाचकाला सर्वांत जवळची वाटावी, अशी एक उपाधी हिब्रूतील 'गोएल' ही आहे. प्राचीन इस्राएलात कर्जापायी एखाद्याची जमीन गेली, तर त्याच्या जवळच्या आप्ताने पैसे भरून ती सोडवावी, असा नियम होता. असे वतन सोडविणाऱ्या आप्ताला गोएल म्हणत. रूथच्या पुस्तकात बवाज हा विधवा नामीची जमीन सोडवितो आणि तिची सून रूथ हिच्याशी विवाह करून त्या घराला आधार देतो. त्याच्याहून जवळचा एक आप्त हात झटकून मोकळा होतो, हा तपशीलही त्या कथेत आहे. पुढे यशयाच्या ग्रंथात हीच उपाधी ईश्वराला लावलेली दिसते. मराठी बायबलमध्ये तेथे 'उद्धारक' हा शब्द येतो.

'उद्धारक' हा शब्द भारदस्त आहे. परंतु कर्ज, गहाण जमीन आणि नात्याची जबाबदारी हा मूळ संदर्भ त्यातून चटकन कळत नाही. शिवाय बोलीभाषेत एखाद्याचा उद्धार करणे याचा अर्थ भलताच होतो! उलट 'तारण' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा नेहमीचा शब्द पाहा. पापापासून सुटका या अर्थाने तो वापरला जातो आणि येशूला 'तारणारा' म्हटले जाते. पण बँकेत किंवा सावकाराकडे 'तारण' म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. बाजार समित्यांमार्फत राबविली जाणारी शेतमाल तारण कर्ज योजना शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. तूर किंवा सोयाबीन तारण ठेवणाऱ्या माणसाला चर्चच्या भिंतीवरील 'तारण' शब्द वाचताना दोन्ही अर्थ एकदम आठवत असतील, तर ते नवल नव्हे.

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा देशभर चर्चेत आला होता. अशा भूमीत 'उद्धारक' ही उपाधी केवळ परलोकाच्या संदर्भात सांगितली, तर तिचा अर्धा अर्थ हरवतो. मूळ शब्दात जमीन आहे, देणे आहे आणि अडचणीतल्या आप्तासाठी स्वतःच्या खिशात हात घालण्याचे कर्तव्य आहे.

भाकर, कोनशिला, कैवारी

काही उपाधी मराठीत येताना अधिकच उजळल्या. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जीवनाची 'भाकर' म्हणवितो. मूळ प्रदेशात गव्हाची किंवा जवाची रोटी खात असत. भाषांतरकारांनी 'भाकर' शब्द योजला आणि ही उपाधी थेट ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या चुलीपाशी आली. 'कोनशिला' हा शब्दही असाच. आज तो उद्घाटनाच्या फलकापुरता उरला आहे. मात्र बांधकाम करणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला, ही प्रतिमा नाकारलेल्यांना विशेष जवळची वाटते.

पवित्र आत्म्यासाठी योजलेला 'कैवारी' हा शब्द तर मराठीचे लेणे म्हणावा लागेल. मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेतोस' याचा अर्थ मदतीसाठी जवळ बोलावलेला, न्यायसभेत आपली बाजू मांडणारा. मराठीत दुर्बलाचा कैवार घेणे म्हणजे त्याच्या बाजूने उभे राहणे. इंग्रजीत या शब्दासाठी सांत्वन करणारा, सल्ला देणारा, वकील असे निरनिराळे प्रतिशब्द वापरले गेले. मराठीने एका शब्दात काम भागविले.

'आत्मा' शब्दाबाबत मात्र सावधपणा लागतो. हिब्रू 'रूआख' या शब्दाचा अर्थ वारा आणि श्वास असा असून तो स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'आत्मा' पुल्लिंगी आहे आणि त्याला वेदान्ताची मोठी परंपरा आहे. जीवात्मा आणि परमात्मा यांचे ऐक्य हा विचार ख्रिस्ती शिकवणुकीहून भिन्न असल्याने 'पवित्र' हे विशेषण येथे केवळ शोभेचे नाही. याच कारणाने येशूच्या जन्माविषयी बोलताना मराठी ख्रिस्ती लेखक 'अवतार' हा शब्द टाळून 'देहधारण' असे म्हणतात. कारण अवतार पुनःपुन्हा होतात, तर देहधारण एकदाच झाले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

चार शतकांची मराठी वाट

या शब्दयोजनेचा आरंभ गोव्यात झाला. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरण्यास ते कचरले नाहीत. मात्र काही नावे त्यांनी परकीय रूपातच ठेवली. गोव्याच्या कोंकणीत येशूला आजही 'सोमी जेजू' म्हणतात. त्यातील 'सोमी' म्हणजे आपला 'स्वामी'.

एकोणिसाव्या शतकात विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने श्रीरामपूर येथून १८११ साली मोडी लिपीत मराठी नवा करार प्रसिद्ध केला. अमेरिकन मराठी मिशनचा नवा करार १८२६ मध्ये, तर संपूर्ण बायबल १८४७ मध्ये आले. पुढे १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताला 'गुरू' आणि 'माउली' म्हटले. वारकऱ्यांचा शब्द त्यांनी बिनदिक्कत उचलला. यशयाच्या ग्रंथात ईश्वर स्वतःची तुलना लेकराचे सांत्वन करणाऱ्या आईशी करतो, हे पाहता त्यास धर्मग्रंथाचाही आधार होता.

पंडिता रमाबाईंची दिशा वेगळी होती. त्या संस्कृतच्या विदुषी. तरीही केडगावच्या मुक्ती सदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते प्रकाशित झाले. एकाने भक्तिपरंपरेचे शब्द जवळ केले, दुसरीने संस्कृतप्रचुर शब्दांचे ओझे उतरविले. हेतू दोघांचाही एकच होता, की ईश्वराशी आपल्या भाषेत बोलता यावे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० साली 'सुबोध बायबल' सिद्ध करून हीच वाट पुढे नेली. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच्या पुढच्याच, उस्मानाबाद येथील संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांनी भूषविले. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

एक काम अजून अपुरे आहे. यवतमाळ जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली बोलल्या जातात. गोंडीत देवाला 'पेन' म्हणतात. 'देव' शब्द मराठी ख्रिस्ती श्रद्धेत सामावला, तसा 'पेन' सामावेल काय, की तेथेही बाहेरून आलेला शब्दच वापरला जाईल? या प्रश्नाचे उत्तर भाषातज्ज्ञांपेक्षा ती बोली बोलणारी माणसेच देऊ शकतील.

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील विवाहाला किंवा अंत्यविधीला गेल्यावर 'परमेश्वर', 'प्रभू', 'तारणारा' हे शब्द आपल्या कानांवर पडतात. ते परिचित वाटतात. कारण ते मराठीच आहेत. त्यांचा अर्थ मात्र थोडा निराळा आहे. कारण त्यांच्यामागे रानातील हागार आहे, जळते झुडूप आहे आणि शेत सोडविणारा आप्त आहे. शब्द समान आणि स्मृती वेगळी, हे ध्यानात ठेवले, तर शेजाऱ्याची प्रार्थना अधिक आपुलकीने ऐकता येते.